आमच्या कॉम्प्युटरला फुटलेलं दुसरं तोंड

ती. ताईस,

नमस्कार. वाकूनच केला असता, पण पलंगाखाली लोळत गेलेले स्क्रू हुडकून हुडकून कंबर अशी धरली आहे की एकदा वाकले तर कोणीतरी उचलायला लागेल. तेव्हा उभ्यानेच केलेला मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का? आम्ही दोघं बरी आहोत, म्हणजे हे बरे आहेत आणि मी आहे.

झालं असं, की गेल्या महिन्यात आमच्या चिमीचं पाकीट आलं. (दोन वर्षांपूर्वी यांनी खटपट करून लावून दिलेली घरांचे नकाशे काढायची नोकरी सोडून ती कॉम्प्युटरच्या कंपनीत गेली, तेव्हा ‘ते खोकं तुला जेवायला घालणार का?’ असं विचारून यांनी बोलणं टाकलं, हे तुला माहीतच आहे. पुढे सहा महिन्यांत यांच्या ऑफिसने जुने कॉम्प्युटर मोडीत काढले, तेव्हा त्यातलं एक खोकं यांनीच घरी आणलं. कशाला, असं मी विचारलं नाही. विचारून उत्तर मिळेल असं हे घर नाही.) तर तिची पत्रं हे वाचत नाहीत, कपाटावर ठेवून देतात. या वेळी मात्र पाकिटात कागद नव्हता. एक लहान, कडक फ्लॉपी होती आणि वर लिहिलं होतं, ‘फक्त बाबांसाठी’. आता आमचा कॉम्प्युटर जुना, त्याला मोठ्या, लवचिक फ्लॉपीचं तोंड. हिला त्यात घालायचं म्हणजे पोस्टाच्या पेटीत काडेपेटी टाकण्यातला प्रकार. ‘मला काही वाचायचं नाही,’ असं म्हणून हे उठले आणि संध्याकाळी पट्टी घेऊन त्या तोंडाची मापं काढताना मला दिसले.

मी म्हटलं, मागच्या गल्लीत टायपिंगच्या बाई आहेत, त्यांच्याकडे दोन्ही मापांची मशिनं आहेत, तिथे वाचून घ्या. ‘घरचं पत्र परक्याच्या मशीनवर वाचायचं नाही!’ झालं. दुसऱ्या दिवशी लहान फ्लॉपीचा ड्राइव्ह, म्हणजे तिच्या मापाचं तोंडच, विकत आला. दुकानदाराने सांगितलं की तुमचं मशीन जुनं, त्याला हा ड्राइव्ह ओळखता येणार नाही, आधी एक प्रोग्रॅम शिकवावा लागेल. तो प्रोग्रॅम त्याने दिलाही. लहान फ्लॉपीवर! (हे ऐकून मी हसले, तर यांनी दिवसभर चहा मागितला नाही.) शेवटी तो मोठ्या फ्लॉपीवर उतरवून आणायला मलाच टायपिंगच्या बाईंकडे पिटाळलं.

मग पुढचे दहा दिवस आमचं जेवणाचं टेबल गेलं ते गेलंच. ड्राइव्ह लहान आणि खाच रुंद, त्यामुळे तो आत खुळखुळायला लागला. दोन्ही बाजूंना आधार म्हणून पत्रा हवा, तर माझा बिस्किटांचा डबा कापला. (बिस्किटं अजून पातेल्यात आहेत, मऊ पडली आहेत, येऊन खा.) मग वायरच्या पट्टीचं टोक बसेना, म्हणून दुकानात फेरी. विजेची पिन मोठी निघाली, म्हणून आणखी एक फेरी. सगळं बसलं, तर ड्राइव्हचा दिवा लागला तो विझेचना. हे म्हणाले, दिवा आहे म्हणजे काम चालू आहे, आणि दोन दिवस त्या दिव्यासमोर राखण करत बसले. शेवटी मीच दुकानात फोन लावला. त्याने विचारलं, ‘काकू, पट्टीची लाल कड कुठल्या बाजूला आहे?’ पट्टी उलटी होती. हे म्हणाले, मला ते माहीत होतं.

परवा दुपारी पत्र पडद्यावर उमटलं. यांनी ते उभ्यानेच वाचलं. मला वाटलं रडतात की काय, तर एकदम ओरडले, ‘मोरीचं दार स्वयंपाकघरात? अकलेचा कांदा!’ चिमी घर घेते आहे ग. खोल्यांची मापं लिहून विचारलंय, बाबा, हे बरोबर आहे का, तुम्ही हो म्हटल्याशिवाय सही करणार नाही. तेव्हापासून टेबलावर मोठे कागद पसरले आहेत. मी ताट मांडीवर घेऊन जेवते.

थकले बाई. भावोजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. – खरं काम राहिलंच. नकाशावरून नीट कळत नाही, जागा डोळ्यांनी पाहायला हवी, असं हे भिंतीकडे बघून तीनदा म्हणाले. पण आपण होऊन फोन करायचे नाहीत. तू चिमीला सांग, ‘बाबा, या’ असं तिने स्वतःच्या मनाने म्हणावं. माझं नाव नको.

आणखी एक – प्रोग्रॅम उतरवायला गेले त्या दिवशी पिशवीत चिमीची फ्लॉपीही होती. पत्र मी तिथेच वाचलं, दोन मिनिटं लागली. घरी येऊन बोलले नाही. दोन वर्षं या घरात तिचं नाव निघत नव्हतं ग, आणि ते दहा दिवस हे सकाळपासून म्हणत होते, ‘चिमीची फ्लॉपी कुठे ठेवलीस?’, ‘चिमीच्या फ्लॉपीला ओला हात लावू नकोस.’ मला ते आणखी थोडे दिवस ऐकायचं होतं.