साखळीचा वळसा

अण्णा, उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या रोव्हरचा दांडा तुमच्या दगडावर तिसऱ्यांदा टेकवला, तरी फरक तेवढाच आला. दीड हात. उमरग्याजवळच्या या शेतात तुम्ही साखळीनं मोजून हद्दीचा दगड रोवला होता. आणि काल दुपारी तुमचीच मुलगी, तुमच्याच खात्यातली, उपग्रहांना विचारून तो चुकलाय असं लिहिणार होती. शेजाऱ्याला तारेचं कुंपण घालायचं आहे, म्हणून ही मोजणी. दगड सरकला तर त्याची दीड हात पट्टी जाते आणि काकांना मिळते. हे काका म्हणजे तेव्हा तुमच्या साखळीचं दुसरं टोक धरणारे. तेच माझ्यावर चिडले. "बाई, अण्णांची साखळी कधी सैल पडली न्हाय. तुमच्या त्या दांड्यालाच ऊन लागलं आसंल."

"पट्टी तुम्हालाच मिळतीय, काका."

"व्हय. म्हणून अण्णांला खोटं पाडू?"

मी दांडा धरून उभी राहिले. जळकोटजवळ हायवेलगतच्या शेतात तुम्ही मला बांधावर बसवलं होतं, ते आठवलं. लांबून एक ट्रक हॉर्न दाबूनच येतो आहे. तुम्ही म्हणता, "डोळे मिट. समोरून कधी गेला, सांग." मी म्हणते, आता. "कसं कळलं?" हॉर्नचा सूर एकदम खाली आला, मी म्हणते. तुम्ही साखळी गोळा करता करता सांगता, की पहिला उपग्रह वर गेला तेव्हा लोकांनी एका जागी बसून त्याची शिट्टी अशीच ऐकली आणि त्याची वाट शोधली. मग कुणीतरी उलटा विचार केला: वाट ठाऊक असेल, तर ऐकणाऱ्याची जागा काढता येईल. त्यातून ट्रान्झिट नावाचे उपग्रह सोडले, समुद्रातल्या जहाजांसाठी. तो वरून जाईपर्यंत जहाजाला वाट बघावी लागायची. तुम्हाला ते थांबणं आवडलं होतं. "चालतो वरचा, आणि ठिकाण कळतं खालच्याला. लई भारी डोकं." आता थांबावं लागत नाही, अण्णा. वर एकाच वेळी कितीतरी असतात.

मी काकांना विचारलं, साखळी कुठून नेली होती? त्यांनी शेताच्या मध्यावर हात केला. रेषेवरच त्यांच्या आज्याची समाधी. "अण्णा म्हणले, मेलेल्या माणसाच्या छातीवरून साखळी ओढायची न्हाय. वळसा घातला." मग ते हसले. "आजा लई जाडा. समाधीबी तसलीच."

म्हणजे अंतर वळशात गेलं आणि दगड अलीकडं राहिला. काटकोन धरून तो वळसा वजा करायला तुम्हीच मला शिकवलं होतं. त्या दिवशी तुम्ही तो का केला नाही, हे काकांना ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "लिवा बाई. पण नीट लिवा."

शेऱ्याच्या रकान्यात मी 'चूक' लिहिलं नाही. 'मूळ मोजणीच्या रेषेत समाधीचा अडथळा' एवढंच लिहून सही केली. तुम्हाला लिहिलेला हा कागद मात्र माझ्याकडेच राहील. एक सांगायचं राहिलं. रोव्हर घेऊन रेषेवरून परत येताना समाधी आडवी आली. तिच्यावरून जायला हरकत नव्हती, माझ्या हातात साखळी नव्हती. तरी मी वळसा घालूनच गेले.

आज सकाळी काका पहार घेऊन आले. तुमचाच दगड उपटून दीड हात पुढं रोवला.