एकदाच विचारलं त्यानं

अप्पा, तुमच्यावर इतका राग आलाय की आज समोर असता तर तोंडावर बोलले असते. खरं तर असता तर बोलले नसते, तुमच्यासमोर आमची कुणाची जीभ कधी उचलली? पण तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आता कुणाला भ्यायचं? नांदेडच्या घरात दुपारची एकटी कागद-पेन घेऊन बसलेय. तुमचे जावई बाहेर गेलेत. सकाळी अमेरिकेतून तुमच्या लेकाचा फोन येऊन गेला, तेव्हापासून डोकं तापलंय. भांडी घासली, परत घासली, तरी उतरत नाही. त्या फोनचं सांगते, पण आधी माझं सगळं ऐकून घ्या. मधे बोलायची सोय तशीही नाही तुम्हाला.

उदगीरचा तो दुष्काळ आठवतो का? तुम्ही तहसिलीत कारकून. रेशनला ती लाल मिलो ज्वारी यायची, अमेरिकेची. आई कपाळाला आठ्या घालून तिच्या भाकरी थापायची आणि त्या तव्यावर टाकताना तुटायच्या. एका दुपारी मागच्या गल्लीतली बाई खडीच्या कामावरून येताना आपल्या उंबऱ्यावर टेकली. आई घरात नव्हती. मी विचारलं, "मावशी, जेवता का?" ती म्हणाली, "न्हाई गं माय, आत्ताच जेवून आले." मी बरं म्हणाले आणि भाकरीचं टोपलं झाकून ठेवलं. मला काय कळणार, शाळकरी पोर मी. तुम्ही खुंटीला सदरा अडकवत होता, तसेच वळलात, टोपलं उघडलंत, भाकरीवर चटणी घालून तिच्यापुढं धरलीत. "घ्या हो बाई, लेकरू हाय, त्याला इचारायचं कळत न्हाई." ती नको नको म्हणत राहिली, तुम्ही हात मागं घेतला नाही. शेवटी तिनं घेतली आणि भिंतीकडं तोंड करून खाल्ली. ती गेल्यावर माझा कान पिळलात. "उपाशी माणूस कधी हाव म्हणतंय का? एकदाच इचारलं म्हंजे इचारलंच न्हाई, समजलं?" समजलं, अप्पा. तो कान अजून दुखतो म्हटलं तरी चालेल.

पुढं लातूरचा वेगळा जिल्हा झाला आणि तुमची बदली नव्या कलेक्टर कचेरीत झाली. कचेरी कसली, धड टेबलं आली नव्हती, फायली पोत्यांत बांधलेल्या. मी डबा घेऊन येते तेव्हा तुमच्यासमोर कुणीतरी खेड्यातला माणूस टोपी मांडीवर ठेवून बसलेला असतो. "काय काम न्हवतं साहेब, सहज आलतो." तुम्ही फाइल बाजूला सारता, चहा मागवता. तो नको म्हणतो, तुम्ही मागवताच. पावसाचं बोलता, त्याच्या बैलांचं विचारता, आणि कप रिकामा होता होता त्याचं खरं काम बाहेर येतं, विहिरीचं नाहीतर वारसाचं, आणि कधी कधी तो रडायलाच लागतो. घरी येऊन तुम्ही म्हणायचात, "सहज आलोय म्हणला की समजायचं, गळ्यापर्यंत आलंय." सगळ्या जिल्ह्याच्या 'न्हाई'मधलं 'हाव' ओळखणारा माणूस तुम्ही. म्हणून तर राग येतो.

तुमचा लेक शिकला, अमेरिकेला गेला, तिथलीच बायको केली. पहिल्यांदा तिला घेऊन आला तो उन्हाळा कसला होता! नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही गढूळ. पोरगी चांगली होती, मी उगीच खोटं बोलणार नाही. बादलीभर पाण्यात अंघोळ करायची, कुरकुर नाही. फक्त प्रत्येक गोष्टीला थँक्यू. आईनं पाण्याचा तांब्या दिला, थँक्यू. ताट वाढलं, थँक्यू. आई माझ्या कानात म्हणाली, "मी काय पाणपोई चालवती का गं? घरच्या माणसाचे कसले आभार?" आणि मग तो पुरणपोळीचा दिवस. तिचं पोट भरलं, तिनं 'नो' म्हणून ताटावर हात आडवा धरला. तुम्ही आपल्या रीतीनं हसत हसत तूप ओतलंत, म्हटलं हात काढेल. तिनं काढला नाही. तूप बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं. ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तुमचा लेक तुम्हाला म्हणाला, "अप्पा, माणूस नाही म्हणाला की नाही. तिथं ह्याला जबरदस्ती म्हणतात." तुम्ही तुपाची वाटी हातात घेऊन तसेच उभे. मला त्या दिवशी त्या दोघांना चपलेनं मारावंसं वाटलं होतं.

पण तुम्ही शहाणे! दुसऱ्या दिवशी सकाळी तिला एकदाच विचारलंत, "चहा?" ती 'नो' म्हणाली आणि तुम्ही तो कप स्वतः पिऊन टाकलात. मग गल्लीभर सांगत सुटलात, "त्यांच्यात लई सोपं हाय बघा. एकदा इचारायचं. न्हाई म्हंजे न्हाई. पुन्हा इचारलं तर आपल्या शब्दावर इश्वास न्हाई असं वाटतं त्यास्नी." तुम्हाला कळलं होतं, अप्पा. माझ्यापेक्षा आधी कळलं होतं. ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

मग आई गेली, आणि पुढं तुमचं ते शेवटचं दुखणं. मी नांदेडहून एसटीनं यायची, लातूरच्या त्या दवाखान्यात तुमच्या उशाशी बसायची. डॉक्टर मला बाहेर बोलावून सांगून गेले होते आणि तुम्हाला न सांगताच कळलं होतं. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. मी तुमच्या कानाला धरला होता, मला सगळं ऐकू येत होतं. "अप्पा, मी येऊ का?" तुम्ही म्हणालात, "नको रे. कशाला? एवढ्या लांबनं, रजा बिजा. मी ठणठणीत हाय." तो म्हणाला, "नक्की?" तुम्ही म्हणालात, "नक्की." संपलं. फोन बंद. मी म्हटलं, मी सांगते त्याला खरं काय ते. तुम्ही माझं मनगट धरलंत, अंगात जीव नव्हता तरी केवढं घट्ट! "सांगायचं न्हाई. माझी शपथ हाय तुला. कुणी सांगितलं म्हणून आलेला लेक मला नको." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चूळ भरायच्या आधी, "त्याचा फोन आला होता का गं?" त्याच्या पुढच्या सकाळीही तेच. दारात कुणाची सावली पडली की मान उचलत होता. मी शपथेला बांधलेली, तुमच्या पायाशी बसून दातओठ खात होते.

तो आला तेव्हा माती होऊन गेली होती. आपल्यात बसवूनच पुरतात, त्याच दिवशी, कुणासाठी थांबत नाहीत. बॅग ओट्यावर ठेवून तो ढसाढसा रडला, आणि मी त्याच्यावर तुटून पडले. "एकदा विचारून गप्प बसलास? परत फोन उचलायला हात मोडले होते का?" तो म्हणाला, "अक्का, मी विचारलं होतं. ते नक्की म्हणाले. त्यांच्या बोलण्याचा मान ठेवला मी. त्यांचा निर्णय होता तो." मान! मरणाऱ्या म्हाताऱ्याचा निर्णय म्हणे! मी म्हटलं, "तुझा मान घाल चुलीत." त्यानंतर आम्ही फक्त दिवाळीला बोलतो, कसे आहात, ठीक आहे, पाऊस कसा आहे, बरा आहे.

इतकी वर्षं मी त्याच्यावर चिडून राहिले. म्हटलं, असल्या देशात माणूस राहिला की त्याचं काळीज दगड होतं. पण तेही खरं नाही. तिथं मोठ्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवतात, त्याच्या आयुष्यात न विचारता नाक खुपसत नाहीत, ह्यात वाईट काय? खडीच्या कामावरच्या त्या मावशीला मात्र तिथं एकदाच विचारून उपाशी जाऊ दिलं असतं, ते वाईट. आणि आपल्यात आग्रहापायी माणसाचा जीव नकोसा करतात, तेही बघितलंय मी. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील बापडे. मग चुकलं कोण? तुम्ही चुकलात, अप्पा! दोन्हीकडची रीत ठाऊक असलेले त्या खोलीत तुम्ही एकटेच होता. त्याच्या भाषेत 'नको'चा अर्थ काय होतो ते माहीत असून तुम्ही 'नको' म्हणालात, आणि वाट मात्र आपल्या भाषेत बघत बसलात. परीक्षा घेत होता लेकराची? का खरंच त्यानं येऊ नये असं वाटत होतं? का तोंडातून 'ये' हा शब्दच निघत नव्हता? सगळ्या जिल्ह्याला बोलतं करणाऱ्या माणसाला आपल्या पोराला 'ये रे' म्हणता येऊ नये? ह्या एका शब्दापायी माझा भाऊ तुटला माझ्यापासून. तुम्ही सुटलात, मला अडकवून गेलात.

आता आजचं. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचं ऑपरेशन ठरलंय, हैदराबादला. तुमच्या नातीनं मला न विचारता मामाला कळवलं. सकाळी त्याचा फोन. मी आवाज बारीक करून तयारच होते, येऊ का म्हणेल, नको म्हणायचं. तो म्हणाला, "अक्का, विचारायला फोन केला नाही. सांगायला केलाय. रविवारी निघतोय." मी म्हटलं, "अरे नको, कशाला, एवढं काही न्हाई मला." तर म्हणतो, "तू नकोच म्हणणार, म्हणून तर विचारलं नाही. तिकीट हिनं काढलंय. म्हणाली, विचारू नकोस तिला, सरळ जा." तिनं! तुपानं हात भरलेल्या त्या बाईनं! फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन ओरडले, घरात कुणी नव्हतं म्हणून बरं. हीच अक्कल तेव्हा कुठं शेण खायला गेली होती? माझ्यासाठी न विचारता येतोय, आणि तुमच्यासाठी?

दर वर्षी तुमच्या समाधीवर येते, सगळं सांगते तुम्हाला, पोरांचे मार्क, सोयाबीनचा भाव, कोण मेलं कोण जन्मलं. ह्या वेळी हे सांगणार नाही. हा कागद संध्याकाळच्या आत फाडून टाकीन. तो येतोय म्हणून मला बरं वाटलं, अप्पा, लई बरं वाटलं, आणि ते तुम्हाला कळू नये.