मधला गोळा

हर्षा,

मोहर्लीवरून प्रवीण लिहून राह्यला. मी बरा आहो. वाघ पाहाले लोकायची गर्दी आहे, म्हणून रिसॉर्टच्या किचनमधून अक्षय तृतीयेले सुट्टी नाई भेटत. माय जेवते का? तू जेवते का?

आपली दिव्यानी गेल्यावरची ही पहिली अक्षय तृतीया. तिच्या नावानं निखाऱ्यावर टाकाच्या घासासाठी डोनट करून पाहिले अन् पीठ फुगलं नाई, म्हणजे पोरगी आपल्यावर रुसून गेली, असं तू फोनवर म्हणाली. तसं नाई हर्षा. तू तांदळाच्या भाकरीसारखं कढत पाणी टाकलं, त्यानं यीस्ट मरते. कोमट पाणी घे, पीठ झाकून ठेव. फुगलं का गिलासानं काप, मधोमध बाटलीच्या झाकणानं भोक पाड अन् मंद आचेवर तळ.

इथी मी रोज दुसऱ्यायच्या लेकरांसाठी तळतो. मले त्याचा वास सहन होत नाई.

मी घरी डोनट आणलं का ती भोकातून पाहे अन् म्हणे, "बाबा, मधलं तुमीच खाल्लं." मी नुसता हासो.

निखाऱ्यावर तिचा घास टाकशीन, तवा मधला गोळा तळून टाक. तेवढाच तिले कधी भेटला नाई.

तुझा,
प्रवीण