टेकडीवरची हाळी

चाकण

तीर्थरूप बाबांना सुकेशनीचा जयभीम,

मी बरी आहे. सोबतच्या मुली जीव लावतात. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भाजीत साखर घालतात, तेवढं सोडलं तर तक्रार नाही.

सुट्टीच्या दिवशी एकटीच मागच्या टेकडीवर गेले. झाडी विरळ आहे, पण मशीनचा आवाज नाही, म्हणून बरं वाटलं. झाडांत शिरल्याबरोबर सवयीने लांब हाळी दिली, मोहफुलं वेचताना आपण एकमेकांना देतो तशी. आणि तुमचा ओ येईल म्हणून थांबलेसुद्धा. फिरायला आलेले एक काका धावत आले. म्हणाले, "पोरी, कोण हरवलंय?" मी हसून म्हटलं, कोणी नाही.

आपल्या जंगलात सकाळभर माणूस दिसायचा नाही, तरी मला कधी एकटं वाटलं नाही. पलीकडून तुमचा ओ यायचा. तुम्हीच सांगायचात, दोन आवाज ऐकले की अस्वल वाट बदलतं.

आता मोह गळायला लागला असेल. आईचे गुडघे कसे आहेत? ती काही जंगलात येत नसेल. मग बाबा, तुम्ही हाळी देता तेव्हा ओ कोण देतं?

तुमची,
सुकेशनी