फवारणीचा ड्रोन आणि अप्पा

भूम, मंगळवार, रात्र

शेजारच्या सोयाबीनवर आज ड्रोननं फवारणी होती, म्हणून वडिलांना, अप्पांना, बघायला बांधावर नेलं. युद्धात बॉम्बफेकी विमान चालवून वीरपदक मिळवलेला माणूस. वाटलं, खूश होतील.

ड्रोन घरघरत डोक्यावर आला आणि त्यांनी मला खसकन खाली ओढलं. "पालथी पड! हलू नको!" ऐंशीचे अप्पा माझ्यावर आडवे पडले. ड्रोन लांब गेला तरी उठेनात.

"अप्पा, पिकाला औषध मारतायत ओ."

"मला ठाऊक हाय."

ठाऊक हाय? म्हणजे भास नव्हता. मग काय होतं? या "ठाऊक हाय"चीच जास्त भीती वाटतेय.

घरी येताना आपणहून बोलले, "बॉम्ब टाकताना वरनं नुसती रानं दिसायची गं, आपल्यासारखीच. त्यात कुणी खुरपत आसंल, हे म्या कधी मनात येऊच दिलं न्हाय. आज खालनं बघितलं. आता तिथं कोण हुतं, कुणाला इचारू?"

अप्पा जेवलेही नाहीत. त्यांना एकटं सोडायचा धीर होईना, म्हणून माझं अंथरूण त्यांच्या खोलीत आणलंय.