अर्ध्या बाजूचा बर्फ

१४ जानेवारी, बुधवार
“कमान ओझ्याला घाबरत नाही पोरी, पक्षपाताला घाबरते.” बाबांचं वाक्य. मी परकरात असेन, ते बांधत असलेल्या पुलाखाली आम्ही उभे होतो. आज सकाळपासून तेच कानात!

बॅडमिंटन हॉलच्या गोल छपरावर आठवडाभराचा बर्फ. रस्त्याकडचा सगळा उतरवलाय — का, तर शिडी त्या बाजूला आहे. पलीकडे ढीग तसाच, त्यात वाऱ्याने आणखी नेऊन टाकलाय. हॉल सांभाळतात यांचे धाकटे भाऊ. निम्मं काम उरकलं वहिनी, म्हणाले. कौतुकाने!

१५ जानेवारी, गुरुवार
दिवसभर आकडेमोड, बाबांनीच शिकवलेली. बांधणाऱ्यांनी हिशेबात छपरावर सगळीकडे सारखा बर्फ धरला होता. तेवढा ते सहज पेलेल. पण एकाच कुशीवर ढीग असला की ती बाजू खचते, मोकळी बाजू वर फुगते, आणि कमानी वाकतात. पुन्हा मांडलं. तेच उत्तर — पेलणार नाही. आपलीच चूक सापडावी म्हणून इतकी आसुसले नव्हते कधी.

१६ जानेवारी, शुक्रवार
भाऊजींच्या टेबलावर प्लास्टिकची पट्टी वाकवून दोन डब्यांमध्ये बसवली. अख्ख्या तळव्याने दाबली, टिकली. एका कडेला नुसतं बोट टेकवलं — पट्टी उडून त्यांच्या चहात.

हसले. “वहिनी, पूर्ण ओझं पेलतं, मग अर्ध्याला काय धाड भरलीय?” बांधणाऱ्यांच्या ऑफिसातूनही हेच सांगितलंय म्हणे. रविवारचे सामने होणार. बाहेरगावच्या मुली निघाल्यासुद्धा. नगरपालिकेत फोन केला. साहेब सोमवारी भेटतील.

पहिलाच सामना माझ्या लेकीचा.

१७ जानेवारी, शनिवार
तिला म्हटलं, उद्या खेळू नकोस. ती रॅकेटच्या मुठीला पट्टी गुंडाळत राहिली. मग शांतपणे म्हणाली, “आधी झोपाळा पडणार होता, मग सायकल. आता छप्पर. आई, तुझ्या जगात काही उभं राहतं का गं?”

लांडगा आला, लांडगा आला करत मीच तिला वाढवलं. आणि ती नाही खेळली तरी बाकीच्या लेकी कुणाच्या तरी आहेतच ना.

पुन्हा बर्फ सुरू झालाय.

१८ जानेवारी, रविवार
हॉलमध्ये. जाळीखाली मांडी ठोकून बसलेय. मी उठल्याशिवाय सामना सुरू होत नाही. भाऊजी ओरडून थकले, बाहेर गेले. मुली सगळ्या मी बाहेर काढल्यात, गारठत, मला नावं ठेवत. ठेवू देत.

वर काहीतरी कुरकुरतंय. पण मी उठले की सगळ्या आत येतील.

लेक दारात आलीय. शरमेने लाल झाली होती, आता पांढरी पडलीय. तिनेही ऐकलं. ऐकायची नाही ती, माझ्यासारखीच हट्टी. तरी ओरडून सांगितलंय — बाळा, एवढं एकच ऐक माझं. मला न्यायला आत येऊ नकोस.