निळी कात टाकेपर्यंत

४ जून

निळी! पायांच्या टोकांपर्यंत अख्खी निळी!

पूर्वेच्या उतारावर एक झाड उन्मळून पडलंय, त्याच्या ढोलीत रेशमाची नळी विणून बसली होती. टॅरंट्युलाच, ती केसाळ कोळ्यांची जात, यात शंका नाही. पण लहान — पाय पसरले तरी माझ्या तळहातावर मावेल.

या जंगलात आजवर आम्हाला टॅरंट्युलाच्या सात जाती मिळाल्यात. बिळाच्या तोंडाला रेशमी झालर लावणारी, पोटावरचे केस उडवून खाज आणणारी, अंगठ्याएवढी बुटकी, झाडांवर राहणारी तपकिरी... ही आठवी असेल? असू शकेल?

दमानं घे, बाई. मागच्या हंगामात अशीच 'नवीन, नवीन' म्हणून नाचले, आणि निघाला कोण — झालरवालीचा नवरा! या प्राण्यांत नर-मादी इतके वेगळे दिसतात की कुणीही फसेल. पण फसले मी. तेव्हापासून अख्ख्या संशोधन केंद्रात मी नवीनबाई. ड्रायव्हरकाका तर गाडीला किल्ली लावतानाही विचारतात, "काय नवीनबाई, आज काय नवीन?"

म्हणून आज तोंडाला कुलूप. डब्यात घालून गुपचूप खोलीवर आणली. बाबांना मात्र सांगावं लागलं. दोघांत खोली एकच.

५ जून

"ही इथं राहणार? माझ्या उशाशी?"

उशाशी नाही, शिलाई मशीनच्या फळीवर. खोलीत तेवढीच एक सपाट जागा आहे. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे आले ते कपड्यांची एक पिशवी आणि हे मशीन घेऊन. आयुष्यभर शिंपीकाम केलं, आता केंद्रातल्या सगळ्यांचे फाटके खिसे शिवतात. झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढणारा माणूस! आज दिवसभर मशीनला हात लावला नाही.

९ जून

शेवटी केंद्रप्रमुख सरांना दाखवली. भिंग लावून पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली.

"पिल्लू आहे. तपकिरीची पिल्लं निळसरच असतात. वाढली की रंग उतरतो."

इतकी निळी नसतात, मी म्हणाले.

"पिल्लावरून जात ठरवायची नाही. तुला हे मी सांगायला हवं?"

नको. खरंच नको. मीसुद्धा नवीन पोरांना हेच शिकवते. वयात आलेला प्राणी हातात नसेल तर बोलायचं नाही. मादीच्या पोटात एक बारीक पिशवी असते, प्रत्येक जातीत तिचा आकार वेगळा. ती बघायला मादीला मारावं लागत नाही. तिनं कात टाकली की त्या कातीतच पिशवीचं अस्तर निघून येतं. कात भिजवायची, उलगडायची, सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. झालं!

फक्त तिनं कात टाकायला हवी. आणि ते तिच्या मर्जीवर.

१० जून

सरळ लिहून ठेवते, म्हणजे डोक्यात गोंधळ नको. पूर्वेचा उतार दगडाच्या खाणीला हवाय. खाणीला परवानगी देणाऱ्या समितीचं म्हणणं — तिथं दुसरीकडे कुठंच नसलेला एखादा जीव असेल तर खाण नदीपलीकडे नेऊ. टॅरंट्युलांचा अहवाल माझ्याकडे, महिनाअखेरीस द्यायचा. त्या सात जाती सगळीकडे आहेत. उतार वाचवेल तर ही एकटीच.

१४ जून

रोज उतारावर. ढोल्या, सालींच्या खाचा, झाडावर वाढलेल्या शेवाळाखाली — हात घालता येईल तिथं हात, नाही तिथं आरसा. तपकिरी मिळाल्या, बुटक्या मिळाल्या. निळी नाही. एकही नाही.

तपकिरीची दोन पिल्लं मात्र सापडली. निळसर आहेत. आमच्या निळीइतकी नाहीत, पण आहेत. सर म्हणाले तेच खरं असेल तर?

१७ जून

बाबा कोपरापर्यंत लाल! डब्याचं झाकण 'जरा पुसून घेतलं' म्हणे. निळीचे केस लागले. खोबरेल चोळत बसले होते आणि तोंडानं सुरू — "मी तुझी पाण्याची वाटी भरतो, आणि तू मला हे देतेस?"

म्हणजे पाणी हे घालतात! कधीपासून? विचारलं तर म्हणाले, "तू सकाळी जातेस ती दिवेलागणीला येतेस. तिला तहान नाही लागत?"

हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. आई गेल्यापासून बाबांना असं कुणाशी भांडताना मी ऐकलं नव्हतं.

२२ जून

खायचं बंद केलंय. नाकतोडा अंगावरून चालत गेला तरी ढिम्म. पोटाची मागची बाजू काळपट पडलीय. कात टाकायची हीच लक्षणं. पण कधी? आठवड्यात टाकेल, दोन महिनेही लावेल.

बाबा रवंथ केल्यासारखं एकच वाक्य बोलतात — "माणसानं जेवण सोडलं की काळजी वाटते गं." आईचं आठवत असणार. मी विषय बदलला.

२६ जून

बैठक. मी म्हणाले, निळीपुढं 'अनिश्चित' लिहू आणि मुदत मागू.

सर शांतपणे म्हणाले, "पुरावा मागतील. काय देशील? रंग?" मग, जरा मऊ आवाजात — "मी तुझ्या वयाचा असताना पिल्लावरून जात जाहीर केली होती. लोक अजून विसरले नाहीत. तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

पलीकडून कुणीतरी म्हणालं, "नवीनबाईंचा हा दुसरा नवरा की काय?" सगळे हसले. मीही हसले! सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले. लाज वाटते.

घरी बाबांना सांगितलं. सुई दातांत धरूनच म्हणाले, "थांब की थोडं. ती काय पळून चाललीय?"

"बाबा, तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"काहीच नाही," म्हणाले. आणि मशीन चालवायला लागले. शिवायला कापड नव्हतं.

३० जून

लिहून दिलं. 'झाडावरची तपकिरी. पिल्लू. एक.' खाली सही.

२ जुलै

शांत झोप लागली. खोटं कशाला लिहू? सर पाठीवर थाप मारून गेले. ड्रायव्हरकाका आज मला 'मॅडम' म्हणाले.

चूक काय केली मी? नियमानं वागले. जे सिद्ध करता येत नाही ते म्हणाले नाही.

पण 'अनिश्चित'ही म्हणाले नाही. 'तपकिरी' म्हणाले. ते तरी कुठं सिद्ध झालं होतं?

११ जुलै

करवती सुरू झाल्या. इतक्या लवकर! मला वाटलं होतं कागद फिरायला महिने जातील. खाणवाले तयारीतच बसले होते.

खिडकी बंद केली तरी आवाज येतो. बाबांनी डब्यावर जुनी चादर टाकली. "तिला त्रास नको." तिला कान नसतात, असं मी सांगणार होते. पण सगळं अंगाला जाणवतं हेही खरं. चादर नीट केली.

१४ जुलै

राहवेना. सरांकडे गेले. म्हटलं, पत्र देऊ, कात पडेपर्यंत काम थांबवा म्हणू.

"तूच लिहून दिलंस ना? आता कोणत्या तोंडानं सांगायचं?"

तशीच उठले. उतारावर गेले. पाडलेल्या प्रत्येक झाडाच्या ढोलीत वाकून पाहिलं. खाणीचा इंजिनिअर सभ्य माणूस, डोक्यावर घालायला त्याची टोपी दिली. "काय हरवलंय, मॅडम?" काही नाही, म्हटलं.

चिरडलेल्या तपकिरी दिसल्या. रिकाम्या रेशमी नळ्या दिसल्या. त्या कुणाच्या, कोण सांगणार?

उतार वरपासून खालपर्यंत मोकळा झालाय. मातीचा वास येतो नुसता.

देवा, ती तपकिरी निघू दे. आयुष्यात पहिल्यांदाच असं मागतेय — नवीन नसू दे!

१९ जुलै

संध्याकाळी दारातच बाबा उभे. चेहरा उतरलेला. "अगं, गेली ती. पाय वर करून पडलीय. मी काही केलं नाही, पाणीच तेवढं..."

धावत गेले. उताणी, पाय आत ओढलेले. नवखी माणसं हेच बघून मेली समजतात आणि फेकून देतात!

"बाबा, मेली नाही. कात टाकतेय. हात लावू नका, डबा हलवू नका."

"मग करायचं काय?"

"काही नाही. थांबायचं."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मशीनसमोरची खुर्ची ओढून बसले.

२० जुलै

बाहीतून हात काढावा तशी सकाळी बाहेर आली. आधीपेक्षा निळी.

कात भिजवली, उलगडली. पिशवी आहे. म्हणजे मादी, आणि पूर्ण वाढलेली. पिशवीचा आकार तपकिरीचा नाही. त्या सातांपैकी कुणाचाच नाही.

बाबांना आनंद मावेना. "वाचली बघ! आता किती जगेल?"

"वीस वर्षं. पंचवीससुद्धा."

"इथंच?"

दुसरीकडे कुठं सोडू तिला?